साइड ड्रम, ताशा आणि घरातला टोप

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझा भाचा घरी आला तेव्हा त्याच्या हातात स्टीलचा नवा कोरा टोप होता. सरळ बाजूंचा, पाहुणे आले की पुलाव शिजवायला काढतात तसला. बहिणीला वाटलं, पोराने पहिल्यांदाच घरासाठी काहीतरी आणलं. तिने कौतुकाने हात पुढे केला. त्याने टोप उलटा केला, बुडावर बोटांनी ताल धरला आणि म्हणाला, "अम्मी, याचं बूड कापायचंय." पुढचा अर्धा तास घरात जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलगा सतरा वर्षांचा आहे. शाळेच्या बँडमध्ये तीन वर्षं साइड ड्रम वाजवायचा. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट हे त्याचे खरे सण. शाळा सुटली तसा ड्रमही सुटला, कारण तो शाळेचा होता. आता चार मित्रांनी मिळून काहीतरी वाजवायचं ठरवलंय. एकाकडे गिटार आहे, एकाकडे कीबोर्ड. याला 'स्नेअर' हवा. साइड ड्रमचंच हे शहरी नाव. दुकानात किंमत विचारून तो मुकाट्याने परत आला आणि दोन दिवसांनी मला म्हणाला, "मामू, घरीच करतो."

आमचं ओवे म्हणजे एका बाजूला खारघरचे सेक्टर आणि दुसऱ्या बाजूला तळोजा, यांच्या मधलं गाव. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी इकडच्या गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. १ ऑक्टोबर २०१६ पासून गाव पनवेल महापालिकेत आलं. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावते. शेती गेली त्याचं दुःख जुन्या लोकांना आहे, आणि ते खरं आहे. पण औद्योगिक वसाहत शेजारी असल्याने वेल्डिंग, लेथ, पत्राकाम करणारे हात इथे गल्लोगल्ली सापडतात. ड्रम करायला शेत लागत नाही, वेल्डर लागतो.

टोप बघून घरातले सगळे हसले. मला मात्र ताशा आठवला.

वाडग्यावर ताणलेलं कातडं

ताशा हा शब्द फारसी. 'तास' म्हणजे वाडगा, ताट. आपण 'तासभर थांब' म्हणतो तो तासही याच घरातला. घटिकापात्राने वेळ मोजून धातूच्या थाळीवर टोला द्यायची पद्धत होती, त्या थाळीला तास म्हणत. थाळीचं नाव पुढे वेळेलाच चिकटलं. हात धुवायचं तस्त हा त्याचाच भाऊबंद. म्हणजे ताशा या शब्दाचा सरळ अर्थ काढला तर भांडं. त्यावर बकऱ्याचं पातळ कातडं ताणलं की वाद्य झालं. वेगळी शेल नको, सुतार नको. कुंभाराने भाजलेला उथळ वाडगा मिळाला तरी पुरे. ज्याची ऐपत असेल त्याने तांब्याचा घ्यावा.

आमच्या लहानपणी उरुसात आणि जत्रेत एक खेळणं मिळायचं. दोरीने ओढली की चाकं फिरतात आणि दोन काड्या मातीच्या इवल्याशा वाटीवर ताणलेल्या कागदावर टकटक वाजतात. ताशाची ती सगळ्यात स्वस्त आवृत्ती. दोन तासांत मोडायची. मोडली की आत काय आहे ते कळायचं, आणि मग आम्ही करवंटीवर फुग्याचं रबर ताणून आपापले ताशे करायचो.

नगारा हा ताशाचा थोरला भाऊ. खोल, जड, हत्तीवर किंवा उंटावर चढणारा, नगारखान्यात बसणारा. अरबी नक्कारा धर्मयुद्धांच्या काळात युरोपात पोचला आणि तिथे त्याला 'नेकर' म्हणू लागले. पण नगाऱ्याला दरबार लागतो. ताशा गळ्यात अडकवून कोणीही रस्त्यावर उतरू शकतो. मराठीतली भाषाच बघा. डंका पिटतात तो राजाचा, नगारखान्यात टिमकी ऐकू येत नाही ती गरिबाची, आणि लग्नाची वरात निघते ती ताशेमर्फ्यांच्या गजरात. यातला मर्फाही अरबी. हैदराबादेत निजामाच्या लष्करातल्या हद्रमी अरबांनी आणि सिद्दींनी तो रुजवला, आणि तिथल्या लग्नांत तो आजही वाजतो.

अब्दुल हलीम शरर यांनी १९१३ पासून लखनौच्या सरत्या संस्कृतीवर जी लेखमाला लिहिली तिच्यात मिरवणुकीच्या वाद्यांवर वेगळा मजकूर आहे. नौबत, रोशनचौकी यांच्या पंगतीत त्यांनी ढोल-ताशालाही बसवलंय. शास्त्रीय संगीताबद्दल लिहिणारे बहुतेक लोक इथे नाक मुरडून पुढे जातात. शरर थांबले, याचं मला अप्रूप वाटतं.

ताशाला तारा नसतात, तरी त्याचा आवाज स्नेअरच्या जवळ का जातो, असा प्रश्न भाच्याने विचारला. कातडं अतिशय पातळ असतं आणि ते आगीवर शेकून इतकं ताणलेलं असतं की काठी पडताच आवाज फुटतो आणि लगेच मरतो. घुमायला जागाच नसते, वाडगा उथळ. काड्याही बारीक. त्यामुळे एका सेकंदात कितीतरी टोले वेगवेगळे ऐकू येतात. मोठ्या ढोलावर तेच वाजवलं तर चिखल होईल. शेकोटीचं महत्त्व त्यामुळेच. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, म्हणून ताशेवाले मिरवणूक थांबली की कोपऱ्यात कागद, गवत पेटवून ताशे तापवत बसायचे. गणपती आणि मोहरम, दोन्हीकडे हे दृश्य ज्यांनी पाहिलंय ते आता पन्नाशीच्या पुढचे असतील.

मोहरमचा ताशा, गणपतीचा ताशा

इथे जरा थांबायला हवं, कारण ताशाचा विषय निघाला की दोन टोकाची विधानं ऐकू येतात. एक म्हणतो, ढोल-ताशा ही हिंदू परंपरा. दुसरा म्हणतो, तो आमच्या मोहरमचा, तुम्ही पळवला. दोन्ही अर्धवट. ताशा लग्नात होता, छबिन्यात होता, पलटणीत होता, ताबुतापुढेही होता. शब्द फारसी असला तरी वाजवणाऱ्याची जात-जमात त्यावरून ठरत नाही.

मात्र एक गोष्ट नोंदलेली आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्या-मुंबईत सार्वजनिक रस्त्यावरची मोठी मिरवणूक म्हणजे मोहरमची. पुण्यात हिंदू ताबुतांना येत, ताबूत बसवत, मिरवणुकीत वाजवत. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली. पुढच्याच वर्षी, १८९४ ला, पुण्यात हिंदूंनी मोहरमवर बहिष्कार टाकला आणि टिळकांच्या पुढाकाराने गणेशोत्सवाने सार्वजनिक रूप घेतलं. गणपतीपुढे जे मेळे निघू लागले त्यांचा घाट मोहरमच्या मेळ्यांवरून घेतलेला होता, हे इतिहासकारांनी सांगितलंय. रिचर्ड कॅशमन यांचं टिळकांवरचं १९७५ चं पुस्तक त्यात आलं. काल ताबुतापुढे वाजवणारे हात आज गणपतीपुढे वाजवू लागले. माणसं वेगळी झाली, मिरवणुका वेगळ्या झाल्या, ताल तोच राहिला.

मुंबईत मोहरमच्या टोळ्या मोहल्ल्यामोहल्ल्यातून ढोल-ताशे घेऊन निघायच्या. १९११ च्या मोहरमला गोळीबार झाला. १९१२ साली पोलीस आयुक्त एडवर्ड्स यांनी नवे नियम लावले आणि ती जुनी मिरवणूक संपली. मोहरम शोकाचा आहे, त्यात बाजा कशाला, असं म्हणणारे आपल्यातलेच सुधारकही होते. त्यांचं म्हणणं धर्माच्या बाजूने समजण्यासारखं आहे. पण परिणाम असा झाला की मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर ताशाचं एक घर बंद झालं. सांगली जिल्ह्यात कडेगावला मात्र उंच ताबुतांच्या भेटी आजही होतात, आणि ते ताबूत उभारणाऱ्यांत हिंदू घरंही आहेत.

आता या वाद्याचा सगळ्यात लांबचा प्रवास. ३० मे १८४५ ला 'फतेल रझाक' नावाचं जहाज हिंदुस्थानी मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागलं. पुढे सत्तरएक वर्षं असे मजूर जात राहिले, बहुतेक उत्तर हिंदुस्थानातले, उसाच्या मळ्यांवर. त्यांनी मोहरम नेला, तिकडे त्याचं नाव झालं 'होसे', हुसेनवरून. ताशाचा झाला 'तासा'. मळ्यावरच्या मजुराकडे तांबं कुठून येणार? मातीचा वाडगा, बकऱ्याचं कातडं आणि आग. ३० ऑक्टोबर १८८४ ला सॅन फर्नांडोत ब्रिटिशांनी मिरवणूक शहरात यायला बंदी केली आणि जमावावर गोळ्या चालवल्या. किमान १६ माणसं मेली. त्यात हिंदूही होते, कारण तिकडे मोहरम सगळ्या हिंदुस्थानी मजुरांचा झाला होता. आज त्रिनिदादमध्ये हिंदू लग्न तासाशिवाय होत नाही. आणि तिकडच्या कारागिरांनी नट-बोल्टने ताणायचा, शेकावा न लागणारा तासाही केला. आपल्याकडच्या पथकांनीही नेमकं तेच केलं. दोन टोकांना एकमेकांचा पत्ता नसताना गरजेने एकच उत्तर शोधलं.

तारा कुठून आल्या?

स्नेअरची ओळख म्हणजे खालच्या तारा. ड्रमला दोन बाजूंनी पानं असतात. वरच्या पानावर काठी पडली की आतली हवा खालच्या पानाला धक्का देते आणि त्याला टेकलेल्या तारा थरथरत पानावर आपटतात. तोच तो 'खर्र' आवाज. युरोपातल्या पलटणींच्या ड्रमला पूर्वी जनावराच्या आतड्याच्या दोऱ्या असायच्या. सैनिक तो ड्रम चालताना कुशीला, एका बाजूला अडकवायचा, म्हणून नाव साइड ड्रम. इंग्रजांच्या पलटणींबरोबर तो इकडे आला. पुढे बँडवाल्यांकडे आणि शाळांत गेला.

पण थरथरत्या दोरीची युक्ती युरोपाची मक्तेदारी नाही. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियात 'बेंदिर' नावाचं वाद्य आहे. चाळणीच्या चौकटीसारखी लाकडी गोल चौकट, एका बाजूला कातडं, आणि कातड्याच्या आतल्या अंगाला आतड्याच्या एक-दोन दोऱ्या. सूफींच्या मजलिशीत तो वाजतो आणि त्याचा घुमणारा, गुणगुणणारा आवाज त्या दोऱ्यांमुळेच येतो. दफला दोरी लावली की बेंदिर. इतकं ते सोपं.

दफ तर आपल्या घरातली. कोकणी मुसलमानांच्या लग्नात दफवर म्हटली जाणारी गाणी माझ्या नानीला तोंडपाठ होती. हाच अरबी शब्द मराठीत डफ झाला आणि शाहिराच्या हातात गेला. महाराष्ट्राचा पोवाडा ज्या वाद्यावर उभा आहे त्याचं नाव अरबी आहे, हे आपण सहसा लक्षात आणून देत नाही. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये डफावर थाप मारायचे तेव्हा कोणी त्यांना हे वाद्य कुणाचं असं विचारलं नाही.

घरात मात्र विचारलं गेलं. आमचे एक चाचा, नमाजी, सरळ माणूस. टोपाची बातमी कानावर गेल्यावर संध्याकाळी येऊन बसले. "बाजा घरात नको." मी म्हटलं, लग्नात दफला मुभा आहे हे तुम्हीही मानता. ते म्हणाले, "दफ एका बाजूची. हा दोन बाजूंचा." मी म्हटलं, झांजा लावलेली दफ चालते का यावर जुन्या आलिमांमध्येही मतभेद आहेत. ते थोडा वेळ गप्प बसले. मग भाच्याला विचारलं, "आणि खाली तारा कशाला?" पोराने तारांचं काम समजावून सांगितलं. चाचांनी चहा संपवला आणि इतकंच म्हणाले, "अजानच्या वेळेला बंद." तो करार आजतागायत पाळला जातोय. ज्यांना हा तोडगा पटणार नाही त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही.

टोपाचा ड्रम

आता कामाचं. भांडी इकडे वजनावर विकतात. टोप घेताना एक गोष्ट सांभाळावी लागते. ड्रमचं तयार पान १४ इंची असतं आणि ते शेलवरून सहज खाली उतरलं पाहिजे, म्हणून शेलचा बाहेरचा व्यास १४ इंचांपेक्षा सूतभर कमी हवा. टोपाला बाहेर वळवलेला काठ असतो, तो आडवा येतो. म्हणून बुडाबरोबर काठही कापावा लागला. उरला साडेपाच इंच उंचीचा स्टीलचा गोल पट्टा. हाताने दाबला की लंबगोल व्हायचा.

गल्लीतल्या वेल्डरने तो बघितला आणि त्याला कामात रस आला. (चांगला कारागीर ओळखायची माझी खूण हीच : काम विचित्र असेल तर तो पैसे नंतर विचारतो.) पाच मिलिमीटरची स्टीलची सळई त्याने गोल वाकवली आणि दोन्ही काठांना आर्गन वेल्डिंगने जोडली. पट्टा घट्ट झाला आणि पानाला टेकायला गोलसर, गुळगुळीत कड मिळाली. ही कड म्हणजे ड्रमचा जीव. ती सपाट नसेल तर पान कितीही ताणा, सूर धरत नाही. ती तपासायला आम्ही घरातली जाड काच आडवी ठेवली आणि कड तिच्यावर टेकवून आत मोबाइलचा दिवा लावला. जिथून उजेड बाहेर आला तिथे ठिपका, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कानस. दोन दिवस पोरगा हेच करत होता. परीक्षेला इतका बसला असता तर.

खालच्या कडेला समोरासमोर दोन ठिकाणी उलट काम करायचं असतं. तिथे मुद्दाम थोडंसं, एखाद मिलिमीटर, खोलगट घासायचं, म्हणजे तारा पानाला चपट बसतात. हे आधी कळलं नव्हतं. पहिल्यांदा जोडला तेव्हा ड्रम न वाजवताच सतत खरखरत होता, जुन्या रेडिओसारखा.

तारांवर तर आम्ही बरंच हसू करून घेतलं. पैसे वाचवायला सायकलच्या ब्रेकची वायर उकलून तिचे धागे लावले. आवाज आला तो पत्र्यावर गारा पडल्याचा. शेवटी बाजारातून २० तारांची तयार पट्टी आणली. ती बारीक स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांची असते आणि त्या वेटोळ्यांमुळेच मऊ थरथरते. काही गोष्टी घरी करण्यात शहाणपणा नाही. पानंही विकतच घेतली. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत पॉलिएस्टर फिल्मची पानं बाजारात आली, रेमो बेली यांची कंपनी १९५७ ची. तेव्हापासून ड्रमवाल्यांची शेकोटी विझली. पावसाळ्यातही सूर उतरत नाही. आपल्या ढोलपथकांत आणि ताशांवर तीच फिल्म पोचली आहे.

पान ताणायला शेलला आठ ठिकाणी भोकं पाडून महागडे लग बसवायचे की काय, हा प्रश्न ताशाने सोडवला. नट-बोल्टचा ताशा जसा वरच्या रिंगपासून खालच्या रिंगपर्यंत सळ्यांनी आवळतात, तसंच केलं. आटे असलेल्या आठ सळ्या, दोन्ही टोकांना नट. रिंगांची जुनी जोडी एका बँडवाल्याकडून मिळाली. तोटा एकच. वरचं आणि खालचं पान एकदमच ताणलं जातं, वेगवेगळं जुळवता येत नाही. पण जुने पलटणी ड्रम असेच असायचे, दोरीने दोन्ही बाजू एकत्र आवळलेले. आणि तारा ढिल्या-घट्ट करायला लोखंडी ट्रंकेची कडी लावली. खाली दाबली की तारा पानाला लागतात, उघडली की सुटतात. ती कल्पना त्याच्या अम्मीची. तोवर तिचा राग गेला होता.

हिशेब वहीत आहे : टोप ५४०, कापणं-वेल्डिंग ४००, रिंगा ३००, दोन पानं ७००, तारा २२०, सळ्या-नट १६०, कडी ३०. एकूण २,३५० रुपये. ब्रेकची वायर यात धरलेली नाही.

कातडं कोणाचं, हात कोणाचे

हे सगळं चाललं असताना मला सारखं वाटत होतं की फिल्मचं पान आल्याने एक जुना प्रश्न आपोआप झाकला गेला. शेकडो वर्षं वाद्याला कातडं लागलं. ते सोलणारे, कमावणारे, ताणणारे हात दलितांचे, खाटीक-कसायांचे, मोहल्ल्यातल्या मुसलमानांचे. ज्या देवळात ढोल वाजे त्या देवळात ढोल मढवणाऱ्याला प्रवेश नसे. हलगी वाजवायची सक्ती असलेल्या जातींनी आंबेडकरी चळवळीच्या काळात ती खाली ठेवली, तीही याच इतिहासातली गोष्ट. वादकांची नावं लिहून ठेवली गेली. मढवणाऱ्यांची क्वचितच.

मिरज याला थोडा अपवाद. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे मुसलमान. राज्यं गेली, तलवारींची गिऱ्हाइकं गेली, आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांतून सतार-तंबोरे घडवायला घेतले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. उत्तर पेशवाईतले शाहीर सगनभाऊ, तेही शिकलगारच. हत्याराची धार ओळखणाऱ्या कानांना सूर लवकर कळत असावा, असं आमचा वेल्डर कड घासताना कान लावून ऐकायचा तेव्हा मला वाटून गेलं.

गोव्यातल्या घुमटाचं उदाहरणही बोलकं आहे. मातीचं मडकं आणि घोरपडीचं कातडं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण दिलं. कारागीर बकऱ्याच्या कातड्याकडे वळले, आवाजात थोडा फरक पडला, घुमट राहिला. २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य केलं. भांडं तेच, पान बदललं.

संदल

आमच्या भागात आगरी-कोळ्यांची हळद असली की बँजो पार्टी हवीच. हा बँजो म्हणजे १९१२ साली जपानच्या नागोया शहरात निघालेलं, टाइपरायटरसारख्या कळांचं स्वस्त तंतुवाद्य. इकडे येऊन तो लाउडस्पीकरला जोडला गेला आणि त्याच्याभोवती कच्छी ढोल, ताशा, साइड ड्रम जमले. या पार्ट्यांत एक ठेका आहे, नाव 'संदल'. पोरं ओरडून मागतात, "संदल लाव, संदल!" संदल म्हणजे चंदन. उरुसात दर्ग्यावर चंदनाचा लेप वाजतगाजत नेतात, त्या मिरवणुकीचं हे नाव. इथून जवळच्या मलंगगडावर हाजी मलंगबाबांचा उरूस माघ पौर्णिमेला भरतो. दर्ग्याच्या वाटेवरचा ठेका दहीहंडीत, विसर्जनात, हळदीत घुसलाय आणि नाचणाऱ्या दहातल्या नवांना शब्दाचा अर्थ माहीत नाही. मी एकदा सांगायला गेलो. "चाचा, नाचा ना," असं उत्तर मिळालं. नाचलो.

ड्रम तयार झाल्यावर पंधरा दिवसांनी शेजारच्या आगरी घरात हळद होती. बँजो पार्टीच्या साइडवाल्याचं खालचं पान फाटलं. कुणीतरी आमच्या घराकडे बोट दाखवलं. भाचा टोपाचा ड्रम घेऊन पळाला आणि तिथेच राहिला, रात्री अकरापर्यंत. साइडवाल्याने पहिल्यांदा संशयाने बघितलं, मग काठी मारली, मग कडी उघडून पुन्हा मारली. तारा सुटल्या की तो ड्रम ताशासारखा बोलतो, हे त्या रात्री आम्हालाही पहिल्यांदा कळलं. परत आला तेव्हा दोन नट ढिले झाले होते आणि शेलवर हळदीचा हात उमटला होता.

आता त्या साइडवाल्याला एक हवाय आणि त्याच्या भावालाही. पोरगा वहीत नवे हिशेब मांडतोय. भांड्यांच्या दुकानात जायचं ठरलं तेव्हा बहिणीने बजावून सांगितलं, तीन टोप घ्यायचे, आणि त्यातल्या एकाला बूड राहू द्यायचं.